मत माझे, मथळा त्यांचा

"पेपरात आलंय!" हे दोन शब्द आपल्याकडे पुराव्यासारखे वापरले जातात. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात वाद रंगात आलेला असतो. कुणीतरी मांडीवर थाप मारून हे दोन शब्द उच्चारतो आणि समोरच्याचा आवाज एकदम खाली येतो. छापील अक्षराचा हा दरारा फार जुना आहे. गंमत अशी, की "पेपरवाले काय, वाटेल ते लिहितात" असे म्हणणारी माणसेही हीच! आपल्या बाजूची बातमी आली की ते कात्रण खिशात घालून चार दिवस हिंडतात. म्हणजे पेपर खोटे लिहितो तो दुसऱ्यांच्या बाबतीत. आपल्या बाबतीत तो बावनकशी खरे लिहितो, अशी आपली सोयीस्कर श्रद्धा असते.

या श्रद्धेची आठवण व्हायला कारण घडले ते एका वादविवाद स्पर्धेचे. विषय होता, 'अध्यक्षीय निवडणुकीत प्रसारमाध्यमांच्या पक्षपाताचा लोकमतावर परिणाम होतो.' परीक्षकाच्या खुर्चीवर मी होतो. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थिनीने माध्यमांना गारुडी आणि मतदाराला डोलणारा नाग ठरवले. प्रतिकूल बाजूच्या विद्यार्थ्याने, मतदार म्हणजे काही पाळण्यातले बाळ नव्हे, असे ठणकावून सांगितले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मी गुण दिले, निकाल जाहीर झाला, सारे घरी गेले. पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना. राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले असल्यामुळे या प्रश्नावरचे बरेच वाचन झाले आहे, आणि बेळगावसारख्या दुभाषी गावात जन्म गेल्यामुळे तो प्रश्न घरातही पाहिला आहे. त्या दोन्हींचा मेळ घालण्याचा हा एक प्रयत्न.

अध्यक्षीय निवडणूक म्हटली की अमेरिकाच डोळ्यांपुढे येते, आणि ते योग्यच आहे. आपल्या राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडून देतात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यातली लढत देशभर गाजली खरी, पण तुमच्या-माझ्या आप्तांपैकी कुणाला त्यात मत नव्हते. अमेरिकेत मात्र कोट्यवधी माणसे दर चार वर्षांनी एकाच पदासाठी मत टाकतात. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक मते असतात, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे राहील त्याला ती सगळी मिळतात. रिंगणात खऱ्या अर्थाने उमेदवार दोनच. कोणत्या पेपरने कुणाची बाजू घेतली हे तिथे अग्रलेखात उघड छापण्याची प्रथा आहे. म्हणजे पक्षपात मोजायला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण!

प्रथम त्या प्रतिकूल बाजूच्या विद्यार्थ्याची वकिली करू. १९३६ साली फ्रँकलिन रूझवेल्ट दुसऱ्यांदा उभे होते आणि देशातली बहुसंख्य वृत्तपत्रे त्यांच्या विरोधात होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या प्रतिष्ठित साप्ताहिकाने तर १ कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या आणि परत आलेल्या सुमारे २३ लाख उत्तरांवरून, रूझवेल्ट हरणार, असे भविष्य वर्तवले. पत्ते त्यांनी घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन आणि दाराशी मोटार, तो माणूस गरिबांच्या कैवाऱ्याला कशाला मत देईल? प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टनी जिंकली आणि ते साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडले.

पुढची कथा १९४८ ची, आणि ती अधिकच रंगतदार. हॅरी ट्रूमन विरुद्ध टॉमस ड्यूई. याही वेळी बहुसंख्य वृत्तपत्रे ड्यूईच्या बाजूची. 'न्यूजवीक'ने ५० नामांकित राजकीय पत्रकारांना कौल विचारला, तर ५० च्या ५० जणांनी ड्यूईचे नाव घेतले. ट्रूमन आपले आगगाडीत बसून गावोगाव हिंडत होते. डब्याच्या मागच्या ओट्यावर उभे राहून स्टेशनावर जमलेल्या माणसांशी साध्या भाषेत बोलत होते. मतदानाच्या रात्री 'शिकागो ट्रिब्यून'ने निकालाची वाट न पाहता 'ड्यूईने ट्रूमनला हरवले' असा भलामोठा मथळा छापूनही टाकला. जुळाऱ्यांच्या संपामुळे अंक लौकर छापावा लागत होता, ही सबब खरी. पण मनात जे होते तेच शाईत उतरले, हेही तितकेच खरे. ट्रूमनना ३०३ निर्वाचक मते मिळाली, ड्यूईना १८९. सेंट लुईच्या स्टेशनावर तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून खदखदून हसणाऱ्या ट्रूमनचे छायाचित्र पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. वृत्तपत्रांच्या घमेंडीवर याहून बोलके भाष्य कुणी केलेले नाही.

कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी. तर २०१६ ची घ्या. खपाने सर्वांत मोठ्या अशा १०० अमेरिकन वृत्तपत्रांपैकी ५७ पत्रांनी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला. डोनाल्ड ट्रम्प यांना दिला फक्त २ पत्रांनी. देशभरच्या एकूण मतांत क्लिंटन सुमारे २८ लाखांनी पुढे राहिल्या हे खरे, पण ट्रम्प ३०४ विरुद्ध २२७ अशा निर्वाचक मतांनी अध्यक्ष झाले. एवढ्या संपादकांनी एवढी शाई आटवून निकाल हा असा! मग पक्षपाताचे बळ ते काय राहिले?

या प्रश्नाचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तर १९४० सालच्या एका पाहणीत मिळाले. पॉल लॅझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातला एरी नावाचा जिल्हा निवडला आणि तिथल्या ६०० मतदारांच्या एका गटाला मे ते नोव्हेंबर दर महिन्याला गाठून विचारले, मत कुणाला? वाचता काय? ऐकता काय? त्यांची अपेक्षा होती की पेपर आणि रेडिओ मते फिरवताना दिसतील. दिसले भलतेच. जवळजवळ निम्म्या लोकांचे मत प्रचार सुरू होण्यापूर्वीच ठरलेले होते. जे सर्वांत जास्त वाचत आणि ऐकत, तेच सर्वांत आधी ठरवून बसलेले होते. आणि ते वाचत तेही बहुतेक आपल्याच बाजूचे. एका बाजूचा माणूस प्रचारामुळे दुसऱ्या बाजूला गेला, अशी उदाहरणे अगदी थोडी. ज्यांचे मत डळमळत होते त्यांच्यावर पेपरापेक्षा परिणाम झाला तो माणसांचा. घरातला, कामावरचा, शेजारचा एखादा जाणता माणूस पेपर वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि तो अर्थ इतरांत वाटतो. पेपरातून जाणत्याकडे, जाणत्याकडून इतरांकडे, अशी ही दोन पायऱ्यांची वाट. एकाच घरातली माणसे बहुधा एकाच बाजूला मत टाकतात, असेही त्यांना आढळले.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ओहायो दिसलेच नाही. आमच्या घरची पडवी दिसली. आमचे आप्पा खडेबाजारात कापडाच्या दुकानात कारकून होते. सकाळी दुकानात जाण्यापूर्वी ते पेपर मोठ्याने वाचत. वाचत म्हणजे काय, दोन ओळी वाचायच्या आणि चार ओळी स्वतःच्या जोडायच्या! आई स्वयंपाकघरातून ऐके, समोरचे काका चपला घालता घालता ऐकत, आम्ही मुले दप्तर भरता भरता ऐकत असू. कुठला शब्द संपादकाचा आणि कुठला आप्पांचा, हे आम्हांला कधी कळलेच नाही. दहावीपर्यंत राजकारणावरची माझी जी ठाम मते होती ती सगळी पडवीतल्या त्या वाचनाची देणगी. मात्र आईने मत कुणाला दिले, हे तिने कधीही सांगितले नाही. आप्पा ते गृहीत धरत आणि ती त्यांना धरू देई. एरी जिल्ह्यातल्या पाहणी करणाऱ्यांना आमची आई भेटली असती, तर त्यांच्या तक्त्यात तिच्यासाठी एक वेगळा रकाना आखावा लागला असता.

येथवर पारडे प्रतिकूल बाजूचे जड आहे. पण प्रश्न इथे संपत नाही. उलट, माझ्या मते इथूनच खरा सुरू होतो. अग्रलेखातला पक्षपात हा दारातून घंटा वाजवून येणारा पाहुणा. त्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक असते, आवडला नाही तर आपण त्याला पाणी विचारून वाटेला लावतो. घरात राहून जातो तो वेगळाच. तो मागल्या दाराने येतो. कोणती बातमी पहिल्या पानावर आणि कोणती सातव्यावर? कोणता विषय रोज आणि कोणता एकदाच? कोणाचे छायाचित्र हसतानाचे आणि कोणाचे जांभई देतानाचे? इथे कुणी तुम्हांला 'अमक्याला मत द्या' म्हणत नाही. विचार कशाचा करायचा, एवढेच ठरवून देतो. आणि तेवढे त्याला पुरते.

१९६८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चॅपल हिल या गावी मॅक्सवेल मॅककूम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी मत न ठरवलेल्या १०० मतदारांना विचारले, तुमच्या मते देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? मग त्यांनी तिथे पोचणाऱ्या पेपरांत आणि दूरचित्रवाणीवर कोणत्या प्रश्नांना किती जागा मिळाली ते मोजले. दोन्ही याद्या जवळजवळ एकावर एक बसल्या. १९७२ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि माध्यमांच्या अभ्यासाची दिशाच बदलली. मतदाराने उत्तर स्वतःचे दिले असेल, पण प्रश्नपत्रिका कुणाची होती?

ज्या साली हा निबंध आला त्याच साली त्याची प्रचिती देणारी घटना घडली. १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेली पाच माणसे पकडली गेली. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दोन तरुण बातमीदार, वुडवर्ड आणि बर्नस्टीन, धागेदोरे शोधत राहिले आणि ते पत्र छापत राहिले. पण देशातल्या बहुतेक पेपरांनी त्या वेळी प्रकरणाची फारशी दखल घेतली नाही. बातमी खोटी पाडली असे नव्हे. ती मोठी होऊ दिली नाही, इतकेच. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. पुढे दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, त्याच प्रकरणापायी त्यांना राजीनामा द्यावा लागला. जी गोष्ट १९७४ साली माणसाला खुर्चीवरून खाली ओढू शकली, तीच गोष्ट १९७२ साली मतदाराच्या खिजगणतीतही नव्हती. न छापण्याचे, किंवा कोपऱ्यात छापण्याचे, सामर्थ्य हे असे असते.

याच्या उलट उदाहरण १९८० चे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीचा कबजा घेण्यात आला. तिथले ५२ अमेरिकन शेवटपर्यंत, एकूण ४४४ दिवस, ओलीस राहिले. सीबीएसचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट म्हणजे त्या काळी सगळ्या देशाचा विश्वास असलेला माणूस. ते रोज बातम्या संपवताना, आज ओलिसांचा कितवा दिवस, ते सांगू लागले. शंभरावा, दोनशेवा, तीनशेवा... त्यात असत्य काय होते? काहीही नाही. जिमी कार्टर यांच्याविरुद्ध एक शब्द तरी होता का? नव्हता. पण घरोघरी रोज रात्री एक खिळा ठोकला जात होता. सुटकेसाठी पाठवलेली लष्करी मोहीम एप्रिलमध्ये फसली आणि तीत आठ जण मरण पावले. पुढे मतदानाचा दिवस नेमका ४ नोव्हेंबर १९८०, म्हणजे ओलीसनाट्याचे वर्षश्राद्धच! दूरचित्रवाणीवर वर्षभराची उजळणी झाली. रोनाल्ड रेगन यांना ४८९ निर्वाचक मते मिळाली, कार्टरना ४९. कार्टर हरले ते केवळ त्या मोजणीमुळे, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, आणि रिकामी पिशवी घेऊन बाजारातून येणाऱ्या माणसाला दूरचित्रवाणीने शिकवावे लागत नाही. तरीही विचार करा. कर्तव्य म्हणून, सद्‌भावनेने सांगितलेला खरा आकडासुद्धा एका पारड्यात पडतच राहतो. पक्षपाताला वाईट हेतू लागतोच असे नाही.

आता मोजमापाची गोष्ट. १९९६ साली 'फॉक्स न्यूज' ही उघड उजवीकडे झुकलेली केबल वाहिनी सुरू झाली. ती सगळ्या गावांत एकदम पोचली नाही. काही ठिकाणी केबलवाल्यांनी ती घेतली, काही ठिकाणी नाही. त्यामुळे दोन अर्थशास्त्रज्ञांना, डेला विन्या आणि कॅप्लन यांना, एक अनायासे घडलेला प्रयोगच मिळाला. हजारो गावांतल्या १९९६ आणि २००० सालच्या मतांची तुलना करून त्यांनी २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: जिथे ही वाहिनी पोचली तिथे रिपब्लिकन पक्षाची मते ०.४ ते ०.७ टक्क्याने वाढली. अर्धा टक्का! गारुडी आणि नागाची उपमा देणाऱ्या विद्यार्थिनीला हा आकडा ऐकून वाईट वाटेल. पण २००० साली जॉर्ज बुश अध्यक्ष झाले ते फ्लोरिडा राज्यातल्या सुमारे ६० लाख मतांपैकी अवघ्या ५३७ मतांच्या आघाडीवर. शंभरातल्या नव्व्याण्णवांना माध्यमे हलवू शकत नाहीत, हे खरे. आणि शंभरावा हलला की राज्य हलते, हेही खरे. स्पर्धेतल्या दोघांनाही टाळ्या का पडल्या, ते मला इथे उमगले.

पण माझ्या दृष्टीने निवडणुकीचा निकाल हा या गोष्टीतला सर्वांत मोठा भाग नाही. निकाल लागतो, चार-पाच वर्षांनी पुन्हा लागतो. दरम्यान शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जे होते, ते इतक्या सहजी पुन्हा मांडता येत नाही.

आमच्या शेजारी एक कन्नड शाळेतले मास्तर राहत. आम्ही मुले त्यांना मास्तरकाका म्हणत असू. आप्पा आणि ते रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसत. चहा एकाकडचा, तर पान-सुपारी दुसऱ्याकडची. आप्पांचा पेपर मराठी, मास्तरकाकांचा कन्नड. मी नववीत असताना गावात भाषेच्या प्रश्नावरून एक मोर्चा निघाला. आप्पा त्या वेळी फळ्या लावलेल्या दुकानात आत बसून होते आणि मास्तरकाका शाळेत होते. दोघांपैकी कुणीही मोर्चा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात पहिल्या पानावर 'विराट मोर्चा', आणि डोक्याला डोके भिडलेल्या गर्दीचे छायाचित्र. त्यांच्या पेपरात आतल्या पानावर दहा ओळी, आणि फुटलेल्या काचेचे छायाचित्र. संध्याकाळी कट्ट्यावर दोन्ही पेपर उघडले गेले. "तुमचा पेपर खोटा" इथून सुरुवात झाली आणि "तुम्ही लोक असेच" इथे शेवट झाला. त्यानंतर दिवाळीपर्यंत कट्टा रिकामा होता. पुढे बोलणे सुरू झाले, पण राजकारणाचा विषय निघाला की दोघेही घड्याळाकडे बघू लागत. पंधरा वर्षांचा संबंध. त्याला तडा गेला तो दोघांनीही न पाहिलेल्या एका गोष्टीवरून!

त्या काळात आईने एक साधी गोष्ट केली. मोर्चाच्या दिवशी त्याच रस्त्याने गवळी दूध घेऊन आला होता. तिने त्याला विचारले, "काय रे, तू होतास ना तिथं? काय झालं?" तो म्हणाला, "माणसं लई होती की हो वैनी, रस्ता भरून. काच फुटली ती एकाच दुकानाची, तीबी पोरांच्या ढकलाढकलीत." म्हणजे गर्दी खरी होती आणि काचही खरी होती. दोन्ही पेपरांनी आपापल्या वाचकाला अर्धे सत्य दिले होते, आणि प्रत्येक वाचकाने ते पूर्ण समजून दुसऱ्याला खोटे ठरवले होते. आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण बातमी कुणाला विचारायची, हे तिला आप्पांपेक्षा अधिक कळत होते. भिंतीवरून कढीलिंबाची देवाणघेवाण तिने एक दिवसही थांबवली नाही.

पुष्कळ वर्षांनी मला याचे शास्त्रीय नाते सापडले. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ सालच्या बैरुटमधल्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरच्या त्याच त्या बातम्या त्यांनी इस्राएलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी सांगितले, बातम्या आमच्याविरुद्ध पक्षपाती आहेत. चित्रफीत तीच, निवेदक तोच! म्हणजे पक्षपात केवळ छापणाऱ्याच्या लेखणीत नसतो, वाचणाऱ्याच्या चष्म्यातही असतो. "माध्यमे पक्षपाती आहेत" हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा त्यातला किती भाग त्यांचा आणि किती आपला, हे एकदा तरी तपासून पाहावे.

आज हे तपासणे अधिक अवघड झाले आहे. कट्टा गेला, पडवी गेली. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि त्याला आपल्या मालकाची आवड पाठ आहे. काल जे आवडीने पाहिले त्याच्याच जातीचे तो आज पुढे करतो. आप्पांना निदान मास्तरकाकांचा पेपर समोर उघडलेला दिसत होता. भांडायला का होईना, त्यांना तो बघावा लागला. आजच्या विद्यार्थ्याला दुसरा पेपर अस्तित्वात आहे याचा पत्ताच लागू नये, अशी सोय झाली आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या संपादकांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध अग्रलेख लिहिले, पण त्याच काळात दूरचित्रवाणी त्यांच्या सभा तासन्‌तास दाखवत होती. मार्चपर्यंतच त्यांना मिळालेल्या फुकट प्रसिद्धीची किंमत सुमारे २ अब्ज डॉलर होते, असा एक अंदाज तेव्हा गाजला होता. २०२४ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ऐन मतदानाच्या तोंडावर, आम्ही कुणालाच पाठिंबा देणार नाही, असे जाहीर केले. मालकाने हात आवरता घ्यायला लावला अशी टीका झाली आणि अडीच लाखांहून अधिक वर्गणीदारांनी वर्गणी बंद केल्याचे वृत्त आले. मला त्यात एक विचित्र योगायोग दिसतो. अग्रलेखाने मते फारशी फिरत नाहीत हे अभ्यासकांनी दाखवून दिले, तरी वाचक अग्रलेखावरूनच रागावतो. मागल्या दाराने आलेल्याला तो कधी हटकत नाही.

मग करायचे काय? स्पर्धा संपल्यावर एका विद्यार्थ्याने मला हेच विचारले, "सर, मग पेपर वाचायचा की सोडून द्यायचा?" सोडून देऊन चालणार नाही. न वाचणारा माणूस निःपक्षपाती होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या वाचनावर जगतो, जसे आम्ही आप्पांच्या वाचनावर जगलो. वाचावे, पण मथळा वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट ज्याने पाहिली असा माणूस या बातमीत आहे का? हिच्यामुळे आज कोणती बातमी मागे गेली असेल? आणि हीच बातमी दुसऱ्या पेपरात कशी आली असेल?

तिसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत तुम्ही-आम्ही फार भाग्यवान आहोत. अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला दुसरी बाजू मुद्दाम शोधावी लागते. आपल्याकडे ती दुसऱ्या लिपीत रोज सकाळी शेजारच्या दारात येऊन पडते. बेळगावात वाढलेल्या मुलाला दोन्ही भाषा कानाला ओळखीच्या असतात. तरीही आपल्यापैकी किती जण दुसऱ्या भाषेतला पेपर हातात धरतात? आपण ज्या दुभाषीपणाला गावाचे दुखणे म्हणतो, ते वाचकाच्या दृष्टीने औषध आहे. आणि तेही फुकटचे.

वाचकहो, फार लांब जाण्याचे कारण नाही. हा अंक हाती आला की आपण काय करतो? आपापल्या लिपीचा विभाग उघडतो, स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांत आपला चेहरा शोधतो आणि अंक मिटतो. एकाच कॉलेजात, एकाच बाकावर वर्ष काढून, त्याच वर्षाविषयी पलीकडच्या विभागात काय लिहिले आहे हे आपल्याला माहीत नसते. एवढे तरी करून पाहा: वसतिगृहातल्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राला कन्नड विभागातले एक पान वाचून त्याचा अर्थ सांगायला लावा, आणि मराठीतले एक पान तुम्ही त्याला सांगा. मतभेद होतील. होऊ देत. पण समोरचा काय वाचून तसा बोलतो आहे ते तुम्हांला ठाऊक असेल, आणि मग उद्या मत देताना ते मत थोडे अधिक तुमचे असेल.